पाण्याला न भिणारा रेडिओ

माय गेली तेव्हा मी रडलो नाही. हे मी सरळ सांगून टाकतो, कारण आमच्या केदारखेड्यात ते तेव्हाच सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालं होतं. आत्या तर माझ्यादेखत म्हणाली, "थोरल्याचे डोळे कोरडेच हायेत बाई. ढोरांच्या दवाखान्यात राहू राहू मन बी तसंच झालं त्याचं." आत्याच्या तोंडाला कोण लागणार? भोकरदनला जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची माझी नोकरी होती, एवढं मात्र खरं होतं.

घरात मी थोरला. धाकटी बहीण धाय मोकलून रडत होती. दादा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. आणि जो येईल तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "तू थोरला हायेस. तू रडू नको. तू रडला तर ह्यांनी कोणाकडं पाहावं?" मी कुणाचं ऐकत नाही असा माझा लौकिक आहे; पण हे मात्र ऐकलं. लाकडं आणली, निरोप धाडले, पाणी पाजलं, अग्नी दिला, तेराव्याला पंगती उठवल्या. एवढं उरकलं की सावकाश रडावं, असं मनाशी ठरवलं होतं. उरकल्यावर बघतो तर रडूच नव्हतं.

बैलाचं शिंग सडलं की ते कापावं लागतं. कापण्याआधी आम्ही सुन्न करायचं इंजेक्शन देतो. मग करवत चालते, रक्त येतं, आणि बैल आपला रवंथ करत उभा असतो. माझं तसं चाललं होतं. जेवत होतो, नोकरीला जात होतो, मुलीचा अभ्यास घेत होतो. दुखत नव्हतं. बैलाचं इंजेक्शन तासाभरात उतरतं, माझं महिने गेले तरी उतरेना, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. जिनं मला जन्म दिला तिच्यासाठी ज्याला दोन टिपं गाळता येत नाहीत, त्याला पुढं कशासाठी तरी काही वाटेल का? आत्याचं खरं निघालं तर?

एकदाच रडू आलं होतं. म्हणजे येता येता राहिलं. आठ-नऊ महिने झाले असतील. सगळे जेवायला बसलो होतो, बायको भाकरी वाढत होती आणि काही कारण नसताना घशात काहीतरी वर आलं. मी मान वर केली तर बायको बघत होती, मुलगी बघत होती, दादा ताटात बघत होते. मी घास गिळला, त्याच्याबरोबर तेही गिळलं. हात धुताना लक्षात आलं, की आमच्या घरात सगळ्याला जागा आहे. कडब्याला आहे, खताच्या गोण्यांना आहे, रडायला नाही. शेतात जावं म्हटलं तर गावाकडं माणूस बांधावर एकटा दिसला की तीन शेतं ओलांडून हाक येते, "काय पाहून राह्यले?"

आतून कडी लावून एकटं बसता येईल असं एकच दार होतं, न्हाणीचं. परसात विटांच्या चार भिंती, वर पत्रे, पत्र्याचंच दार, दाराखाली वीतभर फट. पण तिची एक भिंत स्वयंपाकघराला लागून. आत खोकललं तर बायको तिकडून "काढा करू का" विचारायची. तिथं रडायचं तर वर दुसरा आवाज पाहिजे. नळाची धार म्हणावी तर आमच्याकडं नळ नव्हता. असा विचार करत करत मी रेडिओपाशी आलो. न्हाणीत रेडिओ लावायचा, मोठ्यानं, आणि त्याच्याखाली आपलं काम उरकायचं.

आमच्या घरात रेडिओ होता. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास दादांनी कापूस विकून घेतलेला. चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा, मोठाले सेल. शेतात पाणी देताना ते तो बाभळीच्या फांदीला टांगायचे. सेल उतरले की उन्हात तापवून आणखी आठवडाभर चालवायचे. रेडिओ दादांचा, पण त्याचा खरा शौक मायला. गाणी, कीर्तन, बाजारभाव, तिला काहीही चालायचं. फक्त तिनं तो स्वतः कधी लावला नाही. तिचे हात सदा ओले. पिठाचे, शेणाचे, धुण्याचे, नाहीतर दुधाचे. दादांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती, "वल्ला हात लावू नको, खराब होईन." त्यामुळे ती आतून ओरडायची, "आरं, कोणी लावा रे त्याला. माझे हात भरेल हायेत." आम्ही कोणीतरी जायचो आणि लावायचो. कधी नाही जायचो.

तर तो रेडिओ माय गेली त्या दिवशी दादांनी बंद केला, सेल काढून फळीवर ठेवले. त्यात नवल नाही. मयताच्या घरात रेडिओ वाजवत नाहीत, शेजारीसुद्धा आवाज बारीक करतात. सुतक फिटलं की एकेक गोष्ट पुन्हा सुरू होते, आणि कोणती गोष्ट कोणी सुरू करायची हे आमच्याकडं ठरलेलं आहे. पहिली कढई मामाकडच्यांनी येऊन चढवली, भजी तळली. दादांच्या डोक्यावर नवी टोपी सोयऱ्यांनी घातली. सणाची पहिली पोळी शेजारणीनं आणून ताटात वाढली. रेडिओ मात्र पणजोबांच्या काळात नव्हता, त्यामुळे तो कोणी लावायचा हे कोणी ठरवून ठेवलेलंच नव्हतं. म्हणून कोणीच लावला नाही. मला वाटायचं दादांना चालणार नाही. बायकोला वाटायचं आम्हा दोघांना चालणार नाही. मुलगी शेजारी जाऊन टीव्ही बघायची. असं करत दोन वर्षं गेली आणि सेल फळीवरच राहिले.

तो रेडिओ उचलून न्हाणीत न्यायची माझी छाती नव्हती. नवाच घ्यायचा होता, आणि तोही पाण्याला न भिणारा. भोकरदनच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "त्याला काय, कॅरीबॅग बांधा की." मी म्हटलं, आवाज दबतो. तो म्हणाला, "मंग भोकं पाडा." एवढ्या हुशार माणसाशी काय बोलायचं? मी निघून आलो.

पुढं कधीतरी औषधं आणायला जालन्याला गेलो होतो. काम लवकर झालं. बाजारात घड्याळं आणि रेडिओचं एक मोठं दुकान आहे, काचेच्या दाराचं. गल्ल्यावर शेठ बसलेले, मूळचे राजस्थानकडचे, पण त्यांच्या चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. मी विचारलं, "पाण्याला न भिणारा रेडिओ हाय का?"

"कोणत्या पाण्याला साहेब? वरच्या का खालच्या?"

"न्हाणीत लावायचाय. शेतात बी नेईन."

"बाथरूममधी गाणे! वा, शौकीन आदमी दिसता." त्यांनी नोकराला हाक न मारता स्वतः उठून तीन रेडिओ काढले. माझ्यात त्यांना खराखुरा रस वाटला असावा.

पहिला आपला नेहमीचा, काट्याचा, वर जाड प्लास्टिकचा अंगरखा घातलेला. काटा हलला की स्टेशन सुटायचं आणि शिट्टी वाजायची. मला मधेच सुटणारं काही चालणार नव्हतं. दुसरा बदकाच्या आकाराचा, पिवळा, चोचीतून आवाज येणारा. शेठ म्हणाले, "हा फॉरेनवाला हाय, टबमधी तरंगतो." मी त्या बदकाकडं पाहिलं. मायसाठी रडायचं आणि समोर बदक, हे मला झेपलं नसतं. तिसरा करड्या रंगाचा, विटेच्या निम्मा, काटाच नाही. पडद्यावर स्टेशनचा आकडा दिसायचा आणि एकदा लावला की हटायचा नाही. सेलच्या झाकणाला आतून रबराची कड. टांगायला दोरी.

शेठनी तांब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन सरळ त्याच्यावर मारलं. बाई बातम्या सांगत होती, सांगतच राहिली. "देखा? छींटे चालतील. धार नाही चालणार आणि बुडवायचा तर बिलकुल नाही. बाकी वल्ल्या हातानं लावा, साबणाच्या हातानं लावा, पिठाच्या हातानं लावा. बटनावर सगळं रबर हाय."

पिठाच्या हातानं, असं ते सहज बोलून गेले. मी त्या बटणाकडं बघत उभा राहिलो. आत काहीतरी हलेल असं वाटलं. हललं नाही. मनात एवढंच आलं, की ही वस्तू उशिरा आली. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

"आवाज किती मोठा होतो?" मी विचारलं.

त्यांनी आवाज तीसपर्यंत नेला. तीस हा शेवटचा आकडा. दुकान दणाणलं. मी म्हटलं, "असाच ठेवा आणि तुम्ही आत बोलत राहा. मी दाराबाहेर थांबतो."

"काय बोलू?"

"काहीबी. थोडं रडक्या आवाजात बोला."

शेठनी माझ्याकडं नीट बघितलं. पण गिऱ्हाईक आहे म्हणून केलं. मी काचेचं दार लावून रस्त्यावर उभा राहिलो आणि कान दिला. ते आत तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलत होते. मला बाईच्या बातम्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मी आत आलो आणि म्हटलं, "बराबर हाय. हाच द्या."

रेडिओ पुसता पुसता ते म्हणाले, "साहेब, एक विचारू? हा ऐकायला घेऊन राह्यले का न ऐकायला?"

मी हसलो. हसू यायचं मला, तेवढं चालू होतं.

घरी आलो तर दादा ओट्यावरच होते. मी लपवणार होतो, पण मुलीनं पिशवी उघडलीच. मी घाईघाईनं म्हटलं, "घरात न्हाई लावत दादा. न्हाणीत लावीन. नाहीतर शेतात."

दादा रेडिओ हातात घेऊन उलटापालटा करत राहिले. मग म्हणाले, "घरात लावला असता तर मी काय मारलं असतं का? तुलाच तर नको व्हता."

"मला?"

"मंग कोणाला?"

बायकोनं फळीवरून जुना रेडिओ आणि सेल खाली काढले. सेल गळून हिरवे झाले होते, फळीलाही त्यांचा डाग पडला होता. बायकोसुद्धा ओला हात आधी पदरानं पुसून मगच त्याला शिवली होती. दादांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ठेव तो तसाच. घरातली सवय मोडली आता. न्हाणी काय घरात येत न्हाई. तिथं लावा." कायदा झाला.

मी संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर आंघोळ करायचो, कारण अंगाला पू, औषधं, शेण सगळ्याचा वास असायचा. पहिल्या दिवशी रेडिओ खुंटीला टांगला, कडी लावली, आवाज पंचवीसवर नेला आणि दगडावर बसलो. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता, कांद्याची चाळ कशी बांधावी. मी रडायला बसलो. मायचा चेहरा आठवला. तिचे पाय आठवले. तिरडीवर सुतळी बांधताना तिचा हात सारखा बाहेर येत होता, तेही मुद्दाम आठवलं. कांद्याच्या चाळीला खालून हवा लागली पाहिजे, हे कळलं. बाकी काही झालं नाही. पाणी गार झालं तसा अंगावर ओतून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गाण्यांखाली जमेल म्हणावं तर दोन गाण्यांच्या मधे शांतता पडते. बातम्या बऱ्या, बाई थांबत नाही. म्हशीच्या सडाच्या आजारावर एक तज्ज्ञ बोलले, ते निम्मं चुकीचं बोलले, आणि मी न्हाणीत उघडाबंब बसून त्यांच्याशी भांडलो. राग येत होता, हसू येत होतं. महिना-दीड महिना झाला. बायको म्हणाली, "लई आवडून राह्यला तुम्हाला रेडिओ." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपल्याला रडण्याची भूक आहे आणि ताट समोर असून घास उतरत नाही, हे बायकोला कसं सांगायचं? मी प्रयत्न सोडून दिला. रेडिओ खुंटीवर राहिला आणि मी आवाज दहावर ठेवून नुसती आंघोळ करायला लागलो.

मग दादा तो वापरायला लागले. आधी शेतात नेला, दोन दिवस, आणि परत आणून खुंटीला लावला. नंतर ते संध्याकाळचे न्हाणीत जायला लागले. जन्मभर दादांनी पहाटे उघड्यावर, हौदापाशी आंघोळ केलेली. बायको म्हणाली, "मामंजी आजकाल दोनदा आंघोळ करून राह्यले. पण पाणी ओतल्याचा आवाजच येत न्हाई." मी म्हटलं, ऐकत असतील कार्यक्रम. माझा खर्च वाया गेला नाही, म्हाताऱ्याच्या कामी आला, एवढंच मला वाटलं.

त्या दिवशी दवाखान्यात बैलाचंच काम होतं. शिंग कापलं होतं, दवाखान्यातलं पाणी संपलेलं, त्यामुळे माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेलेच. मोटारसायकल लावून तसाच परसात गेलो, तर न्हाणीचं दार बंद आणि आत रेडिओ. आवाज शेवटपर्यंत. बाजारभाव सांगत होते. सोयाबीन, तूर, मका. मी साबण घेऊन दाराशी थांबलो.

मक्याच्या भावावर आवाज लटपटायला लागला. सेल उतरले होते. सांगणारा बुवा आधी घोगरा, मग फाटका बोलायला लागला, मग बारीक झाला, मग गेला. आणि त्याच्या खाली जे चाललं होतं ते उघडं पडलं.

दादा रडत होते. रेडिओ गेलेला त्यांना लगेच कळलंही नसावं. तोंडात टॉवेलाचा बोळा धरला असेल असा तो आवाज होता, मधेच मोठा होणारा. मी माझ्या बापाला रडताना कधी ऐकलं नव्हतं. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला तो माणूस, ज्यानं कोणाकडं पाहावं म्हणून लोक मला रडू नको म्हणाले होते. मग आत एकदम शांत झालं. त्यांना कळलं होतं.

मी खोकललो नाही. हाक मारली नाही. पाय न वाजवता घरात गेलो, टॉर्चसाठी आणून ठेवलेले नवे सेल डब्यातून काढले, परत आलो आणि दाराखालच्या फटीतून एकेक करून आत सरकवले. ते फरशीवर गडगडत गेले. मग झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि रेडिओ पुन्हा सुरू झाला. हरभरा, करडई, ज्वारी. मी तिथंच हौदाच्या कडेला बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. दादा बाहेर आले. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता, डोळे सुजले होते. त्यांनी चालू रेडिओ माझ्या रक्तानं भरलेल्या हातात दिला आणि हात भरलेत, लावू नको, असं काही म्हणाले नाहीत.

"जा," म्हणाले. "तुह्या अंगाला वास येऊन राह्यला."

मी आत गेलो आणि कडी लावली. रेडिओ खुंटीला अडकवला. दगडावर बसलो तर फटीतून दादांचे पाय दिसत होते. ते गेले नव्हते. दाराकडं पाठ करून उभे होते. स्वयंपाकघरातून बायको मागच्या दारात आली असावी, कारण तिचा आवाज आला, "अजून किती टाइम? भाकरी गार होऊन राह्यली."

"होऊ दे," दादा म्हणाले. "त्याला टाइम लागन. दोन सालाचं हाय."

मी आवाज तीसवर नेला. सेल नवे होते, तरी तो कमी पडला.